चौथं कार्ड

रात्रीचं जेवण झालं की मी आधी टेबल पुसते, मग भांडी घासते. उलट केलं तर लिंडसे चिडतो. पुसलेल्या टेबलाच्या एका टोकाला तो मिठाची बाटली ठेवतो, ती त्याची टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा. दुसऱ्या टोकाला मिरपुडीची बाटली, ते भोक आणि त्यातला झेंडा. मग खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "उद्या कितीला?"

"साडेआठला."

"वारा?"

"दक्षिणेचा."

"मग पहिल्यावर पाच नंबरची काठी. उजवीकडे राहायचं. डावीकडे मारलंस तर धान्याच्या सायलोमागच्या भुसभुशीत मातीत रुतशील."

असे नऊही होल होतात. आमच्या बुरलाँगच्या गोल्फच्या मैदानावर होल नऊच, तेच दोनदा खेळायचे की झाले अठरा. दुसऱ्या दिवशी खेळायचं असो नसो, ही आखणी चुकत नाही. लग्न झालं त्या आठवड्यात मला वाटायचं, काय बाई हौशी नवरा मिळाला, जेवण झाल्यावर बायकोशी तासभर बोलत बसतो. माणूस माझ्याशी बोलत नव्हता, माझ्यासमोर बसून आखणी करत होता, हे कळायला मला महिना लागला. तोवर मलाही सवय झाली होती.

आता तो बाकी सगळं विसरलाय. मुलीचं नाव विसरला, गव्हाचा भाव विसरला, बूट उजवा कुठला आणि डावा कुठला ते विसरला. परवा मी त्याच्या पायात मोजे घालत होते, तर फार अदबीनं म्हणाला, "तुम्ही फार करता हो माझं. तुमचे यजमान कुठं असतात?" मी म्हटलं, "खेळायला गेलेत." त्याला ते पटलं.

पण मैदान तो विसरलेला नाही. आमच्या मागच्या अंगणाचं फाटक थेट तिसऱ्या होलवर उघडतं. सकाळी तो पिशवी खांद्याला अडकवून निघतो, तिसऱ्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून पाचव्यावर. एक झेंडा दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे, त्यात हरवायला जागाच नाही. नवव्याच्या शेवटी क्लबची पत्र्याची खोली आहे, तिथं नेव्हिल त्याच्या हातात चहाचा कप देतो आणि मला फोन करतो. मग मी जाऊन त्याला घेऊन येते. एवढी सोय मला कुठल्या डॉक्टरनं करून दिली नसती.

एकदाच तो पुढच्या दारानं बाहेर पडला. धान्याच्या ट्रकवाल्यानं त्याला हायवेच्या मधोमध चालताना पाहिला, ब्रेक मारला आणि हाताला धरून घरी आणून सोडला. ते कळल्यावर आमची लीअॅन अॅडिलेडहून गाडी हाकत आली. मिल्ड्युराला म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर आहे, तिथं नाव घातलंय म्हणाली. मी भांडले. शेवटी मायलेकींत असं ठरलं, की मागच्या फाटकानं जाऊन तो नीट परत येतोय तोवर तो घरी. ज्या दिवशी ते बंद होईल त्या दिवशी मिल्ड्युरा.

जुलैमध्ये नेव्हिल झँकर आमच्याकडे आला. क्लबचा सेक्रेटरी तोच, माळी तोच आणि मुतारी धुणाराही तोच.

"ग्लेनिस, चहा ठेव. बातमी वाईट आहे आणि ती मी उभ्यानं सांगणार नाही."

"तुझ्या त्या खुब्यानं तू उभ्यानं आणखी काही करू शकतोस का?"

एरवी तो यावर हसला असता. लिंडसे खिडकीशी बसून चेंडू पुसत होता, त्याच्याकडे बघत नेव्हिलनं आवाज खाली आणला. जमीन कौन्सिलची आहे आणि कौन्सिलला ती आता सौरऊर्जेच्या पाट्यांसाठी हवी आहे. कागदोपत्री ती वर्षावर्षानं क्लबला मिळते, आणि त्यात एक जुनी अट आहे, जी आजवर कुणी वाचायच्या भानगडीत पडलं नव्हतं. हंगाम संपायच्या आत क्लबची चॅम्पियनशिप व्हायला हवी आणि तिच्यात निदान चार सभासदांनी अठराच्या अठरा होल पुरे करून सही केलेली कार्डं द्यायला हवीत.

"कौन्सिलचा नवा मॅनेजर पोरगेला आहे," नेव्हिल म्हणाला. "चांगला वागला माझ्याशी. म्हणाला, चार कार्डं द्या, मी फाइल बंद करतो. तीन आली तर माझा नाइलाज आहे."

"आणि आहेत किती जण?"

"मी. लिंडसे. तू, तुझी वर्गणी अजून चालू आहे म्हणून. आणि देवाच्या कृपेनं कुणी उगवलं तर."

देव आमच्या बाजूला फारसा फिरकत नाही. एके काळी शनिवारी पहिल्या टीवर गर्दी असायची, मेंढ्या कातरणारे आणि बँकेचा मॅनेजर एकमेकांना शिव्या घालत रांगेत उभे राहायचे. आता बँकच नाही. आयव्हन आपल्या मुलाकडे समुद्रकाठी गेला, तिथून हिरव्या गवताचे फोटो पाठवतो. वॉलेसच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बाकीचे चर्चच्या मागे झोपलेत.

मी फोन करून करून थकले आणि मग लिंडसेला बरोबर घेऊन ऱ्होंडाच्या पबमध्ये गेले. ऱ्होंडा सभासद आहे, कारण पूर्वी क्लबला बिअर तीच पुरवायची. खेळते म्हणायचं एवढंच. तिच्या चेंडूपेक्षा तिच्या शिव्या लांब जातात.

"कधी म्हणालीस?"

"सप्टेंबरचा शेवटचा रविवार."

"फुटबॉलच्या फायनलच्या दुसऱ्या दिवशी? अगं बाई, त्या दिवशी सकाळी मला माझं स्वतःचं नाव आठवत नाही!" असं म्हणाली आणि मग माझ्यामागे उभा असलेला लिंडसे तिला दिसला. तिनं जीभ चावली. पण सगळ्यात मोठ्यानं लिंडसेच हसला. तेव्हा ऱ्होंडा काउंटरवरून पुढे वाकून म्हणाली, "येते. मरत मरत येते. पण त्याच्या आधी का नाही उरकत?"

आधी उरकायचंच ठरलं होतं. ऑगस्टमध्ये नेव्हिलचा खुबा धरला. सप्टेंबरच्या सुरुवातीला उत्तरेचा वारा सुटला आणि तीन दिवस लाल धूळ अशी उडाली की घरातले दिवे दुपारी लावले. त्यानंतरच्या शनिवारी लिंडसेला ताप. फायनलचा शनिवार म्हणजे सगळं गाव पबमध्ये, ऱ्होंडा सुटणं शक्य नाही. उरला रविवार, हंगामाचा शेवटचा दिवस. त्याच्या पलीकडे अक्षरशः काही नव्हतं.

आशा करायची मला सवय नाही. मी फक्त आखणी केली, लिंडसेकडून शिकलेली. सुरुवात साडेआठला, उन्हाआधी. चौथ्यावर डोक्यावर रिकामं आइस्क्रीमचं डबडं, कारण तिथल्या निलगिरीवरची मॅग्पाय पक्षीण पिल्लांच्या दिवसांत येणाऱ्याजाणाऱ्याचं टाळकं फोडते. नेव्हिलनं त्याच्या पिकअपमधून मागोमाग यायचं आणि फटका मारायला तेवढं खाली उतरायचं. पहिल्या नवानंतर अंड्याचं सँडविच आणि चहा. प्रश्न एवढाच होता की लिंडसेचं कार्ड कोण लिहिणार.

खेळणाऱ्यानं स्वतःचं कार्ड लिहायचं नसतं, जोडीदारानं लिहायचं असतं. आणि नवरा-बायकोनं एकमेकांचं लिहायचं नाही, हा आमच्या क्लबचा दंडक नेव्हिलच्या वडिलांच्या काळापासूनचा. घरात भांडण नको आणि मैदानावर लबाडी नको, असं ते म्हणत. पण लिंडसेला आता माझ्याशिवाय कुणी 'थांब' म्हटलेलं कळत नाही. नेव्हिलनं मान खाजवली. "यंदापुरतं तूच लिही," म्हणाला. "तुझ्यावर कोण संशय घेणार आहे?"

लिंडसेची एक रीत आहे, ती सांगायला हवी. खेळ संपल्यावर पेन्सिल हातात घेतो, सही करायच्या आधी कार्ड लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो आणि विचारतो, "सगळं सरळ?" समोरच्यानं "सरळ" म्हटलं की सही. पुष्कळ वर्षांपूर्वी चॅम्पियनशिपच्या शेवटच्या होलवर तो फटका मारायला उभा राहिला आणि त्याच्या काठीनं चेंडू गव्हाच्या दाण्याएवढा हलला. कुणी पाहिलं नव्हतं. यानं स्वतःच्या नावावर एक फटका वाढवला आणि त्या एका फटक्यानं नेव्हिल जिंकला. क्लबच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत त्या वर्षापुढे नेव्हिलचं नाव आहे. नेव्हिल त्या भिंतीकडे पाठ करूनच बसतो.

शनिवारी रात्री आखणी झाली. मी त्याच्या चेंडूंवर हिरव्या शाईचे दोन दोन ठिपके दिले, ही त्याची खूण. पूर्वी तो स्वतः द्यायचा.

"सहाव्यावर डावीकडे जायचं नाही," त्यानं मिठाची बाटली हलवत सांगितलं. "तिथली खारी झुडपं चेंडू गिळतात."

"नाही जायचं."

"उद्या मोठा दिवस आहे का?"

"हो."

"मला वाटलंच," तो म्हणाला, आणि त्याला झोप चांगली लागली. मला लागली नाही.

रविवारी सकाळी हवा स्वच्छ होती, दक्षिणेचा गार वारा. ऱ्होंडा काळा चष्मा लावून आली आणि "माझ्याशी दहापर्यंत कुणी बोलू नका" म्हणाली. मग तीच अखंड बोलत राहिली. लिंडसेनं पहिला फटका मारला, आणि मी खोटं सांगत नाही, तो त्याच्या तिशीतला फटका होता. सरळ, खालून गेलेला, सायलोच्या उजवीकडे. चेंडू थांबेपर्यंत काठी खांद्यामागे धरून तो तसाच उभा राहिला. नेव्हिल पिकअपमध्ये बसून म्हणाला, "च्यायला, याला मारायला आठवतं, आणि मला आठवूनही मारता येत नाही."

पहिले नऊ होल असे गेले की मला भीती वाटायला लागली. आमच्याकडे भोकाभोवती गवत नसतं, तेल पाजलेली काळी वाळू असते. शेवटचा फटका मारण्याआधी त्या वाळूतून लोखंडी पट्टी ओढून वाट सपाट करायची असते. लिंडसे ती वाट एवढी निगुतीनं करत होता की ऱ्होंडासुद्धा गप्प उभी राहून बघत होती. चौथ्यावर मॅग्पाय नेव्हिलच्या डबड्यावर आपटली. आम्ही सँडविच खाल्लं. ऱ्होंडानं कोंबडीचं हाड चघळावं तशी पेन्सिल चघळत हिशेब करून सांगितलं, की असाच खेळला तर हा आपल्याला सगळ्यांना हरवणार.

"हरवू दे," मी म्हटलं. "नुसतं संपू दे."

दुसऱ्या फेरीत, सहाव्यावर, त्याचा चेंडू डावीकडे गेला.

वारा होता, तो दमलाही होता. चेंडू खाऱ्या झुडपांत दिसेनासा झाला. शोधायला तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात नाही सापडला तर जिथून मारला तिथं मागे जाऊन पुन्हा मारायचा. मागे, म्हणजे आल्या वाटेनं उलटं. लिंडसेला उलटं चालणं जमत नाही. झेंडा पाठीमागे गेला की त्याचं मैदान संपतं, त्याला रडू येतं. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. नेव्हिल खुब्यासकट खाली उतरला, मी गुडघ्यांवर बसून फांद्या वर करत होते.

"सापडला!" ऱ्होंडा ओरडली. "इथं आहे तुझा चेंडू, लिंडसे! ये, मार!"

तो गेला आणि त्यानं मारला. सुंदर मारला, वाळूवर भोकापासून वीतभर. वाट सपाट करायचीही गरज नव्हती, त्यानं तसाच आत ढकलला. ऱ्होंडानं आनंदाच्या भरात सगळ्यांचे चेंडू भोकातून काढून ज्याचे त्याला दिले. सातव्याच्या टीवरून आम्ही चौघांनी मारले.

सातव्याच्या वाळूवर लिंडसेनं चेंडू भोकातून काढला, कमरेच्या टॉवेलला पुसला आणि बघत राहिला. फिरवून फिरवून बघितला.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

चेंडू जुना होता, पिवळट पडलेला, कुणीतरी कधीतरी हरवलेला.

"ठिपके नाहीत. हा माझा नाही." त्याचा आवाज साफ होता. कित्येक महिन्यांत एवढा साफ आवाज मी ऐकला नव्हता. "झुडपातून दुसऱ्याचा मारला. आणि पुढच्या टीवरून खेळलो. तिथं दुरुस्ती करायला हवी होती, आता दुरुस्ती नाही. बाद झालो मी."

"अरे, ठिपके वाळूनं पुसले गेले असतील," ऱ्होंडा म्हणाली. तिनं चष्मा काढला होता. "तुझाच आहे रे. मी बघितला ना."

"शाई पुसत नाही, ऱ्होंडा." तिचं नावही त्याला आठवलं. "ग्लेनिस, कार्डावर लिही. बाद."

मी कार्ड काढलं, पेन्सिल काढली. नेव्हिलकडे बघितलं. नेव्हिल म्हणाला, "मला या कानानं ऐकू येत नाही," आणि पिकअपकडे वळला. जाता जाता, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाला, "चहा उरलाय थर्मासमध्ये. जरा बसू सगळे. बसलं की बरं वाटेल त्याला."

तो काय म्हणतोय ते मला कळलं, ऱ्होंडालाही कळलं. आम्ही आठव्याच्या टीजवळच्या बाकावर बसलो. मी लिंडसेच्या हातात कप दिला, त्यानं दोन घोट घेतले आणि म्हणाला, "बाद झालो." आम्ही हवेबद्दल बोललो. त्यानं आणखी एक घोट घेतला. ऱ्होंडानं फायनलमधला कुठलासा गोल हातवारे करून सांगितला. गव्हावर ससाणा तरंगत होता, तो लिंडसेनं आम्हाला दाखवला. रोज सकाळी डोळे उघडल्यावर मी ज्याचा धसका घेते, आज काय काय पुसलं गेलं असेल त्याचा, त्याचीच मी कपात तोंड घालून वाट बघत होते. विसर, मनात म्हणत होते, लवकर विसर. माझी मला शिसारी आली, तरी मी म्हणतच होते.

कप रिकामा झाला. तो उठला, टीकडे बघून म्हणाला, "आठवा. सात नंबरची काठी." मी त्याच्या पिशवीतला हिरव्या ठिपक्यांचा चेंडू काढून त्याला दिला. त्यानं ठिपके बघितले आणि खूश झाला.

बाकीचं कसं खेळलो ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या भोकात चौघांचे चेंडू पडले, लिंडसेनं टोपी काढून सगळ्यांशी हात मिळवले आणि आम्ही पत्र्याच्या खोलीत गेलो. नेव्हिल आज पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड करून बसला, कारण दुसरीकडे लिंडसे होता. ऱ्होंडानं माझं कार्ड सही करून दिलं, मी नेव्हिलचं दिलं, नेव्हिलनं ऱ्होंडाचं. तीन कार्डं टेबलावर पडली. चौथं मी लिंडसेपुढे ठेवलं, प्रत्येक होलपुढे आकडा भरलेला. बेरीज नेव्हिलनं केली होती. लिंडसे जिंकला होता.

त्यानं पेन्सिल घेतली. सहीच्या जागेवर टोक टेकवलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सगळं सरळ?"

मी तोंड उघडलं ते "सरळ" म्हणायलाच. आठव्यापासून तेवढा एकच शब्द तोंडात घोळवत आले होते. पण तो माझ्याकडे बघत होता. दिवसभर तो माझ्याकडे बघतो ना, तेव्हा ही बाई कोण, आपल्याशी एवढी चांगली का वागते, असं शोधत बघतो. आता तो शोधत नव्हता. त्याला माहीत होतं मी कोण ते. खरं सांगणारी म्हणून तो मला ओळखत होता, आणि त्या ओळखीतच तो स्वतः तेवढा शिल्लक होता. त्या नजरेला मी खोटं सांगितलं असतं, तर मागच्या फाटकानं मी रोज कुणाला खेळायला पाठवणार होते?

"नाही," मी म्हटलं. "सहाव्यावर दुसऱ्याचा चेंडू मारलास तू."

"ग्लेनिस!" ऱ्होंडा ओरडली.

"पुढच्या टीवरून खेळलो?"

"खेळलास."

त्यानं मान हलवली. हलक्या हातानं कार्डावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, बाद. "बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "माझ्या ध्यानात नव्हतं."

ऱ्होंडानं खुर्ची मागे लोटली. "अरे, कुणाला कळतंय? नवं कार्ड काढ, नेव्ह! मी करते सही, डाव्या हातानं करते! कौन्सिलचं पोरगं काय सहाव्याच्या झुडपात बसलं होतं?" ती रडत होती आणि रडताना शिव्या देत होती. "त्या झुडपात मीच ओरडले ना! मीच!"

नेव्हिलनं कार्ड उचलून हातात धरलं. "ऱ्होंडा," तो म्हणाला, "तो खरं बोलला म्हणून एकदा माझं नाव या भिंतीवर गेलंय. आता मी या भिंतीवर खोटं चढवणार नाही." मग तीन कार्डं एका पाकिटात घातली आणि चौथं शर्टाच्या खिशात. मला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आम्ही घरी आलो, तिसऱ्या होलवरून मागच्या फाटकानं. मी भाजलेलं मटण गरम केलं, वाटाणे शिजवले. लीअॅनचा फोन यायचा होता, तिला मी सांगितलं होतं की मैदान राहतं की जातं ते रविवारी कळवते. जेवण झालं. मी आधी टेबल पुसलं.

त्यानं मिठाची बाटली ठेवली, मिरपुडीची बाटली ठेवली, खुर्ची पुढे ओढली.

"उद्या कितीला?"

"साडेआठला."

"वारा?"

"दक्षिणेचा."

"मग पाच नंबर. उजवीकडे राहायचं." तेवढ्यात फोन वाजायला लागला. मी उठले नाही. तो थांबला, कपाळाला आठी घालून कशाचा तरी विचार केला आणि विचारलं, "उद्या माझं कार्ड कोण लिहिणार आहे?"

"मीच लिहिणार."

"मग काळजी नाही," लिंडसे म्हणाला, आणि मिठाची बाटली दुसऱ्या होलवर सरकवली.